फील्डवरच्या कामासाठी कमी किमतीचा रगेड टॅब: काय पदरात पडते आणि काय सोडावे लागते?

मोजणीची वही

आमचे सहा जणांचे पथक वर्षातले सात-आठ महिने उघड्यावर काम करते. विहिरी, झरे, बंधारे आणि त्यांच्या भोवतालची झाडे यांची नोंद करायची, प्रत्येक ठिकाणचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, तीन-चार फोटो काढायचे आणि साधारण चाळीस प्रश्नांचा फॉर्म जागेवरच भरायचा, असे कामाचे स्वरूप आहे. आतापर्यंत आम्ही साधे टॅब वापरत आलो. गेल्या हंगामात त्यांतले तीन गेले. एकाची काच दगडावर आपटून फुटली, एकाचा चार्जिंग पोर्ट सैल होत होत शेवटी केबल धरेनासा झाला आणि एकाची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले. त्या तिसऱ्या टॅबबरोबर दोन दिवसांच्या नोंदीही गेल्या, कारण त्या भागात नेटवर्क नव्हते आणि फॉर्म पाठवायचे राहिले होते. आमची सहकारी ते सगळे पाणवठे पुन्हा पायी फिरली. त्याची टोचणी मला अजून आहे.

आता नवी खरेदी करायची आहे आणि तीन पर्याय समोर आहेत. पहिला, कमी किमतीचे रगेड, म्हणजे पाणी, धूळ आणि आपट सोसण्यासाठी बनवलेले टॅब: दहा इंची स्क्रीन, 20,000 एमएएचची बॅटरी, खोक्यावर धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आयपी68 आणि दणकटपणाचा मिल-एसटीडी-810एच हे शिक्के. दुसरा, नावाजलेल्या कंपनीचे खास औद्योगिक वापराचे टॅब, पण आहे त्या रकमेत ते सहा जणांना पुरणार नाहीत. तिसरा, पुन्हा साधेच टॅब घेऊन त्यांना जाड कव्हर घालायचे. कागदावर पहिला पर्याय सर्वांत चांगला दिसतो आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकते, कारण एवढ्या किमतीत हे सगळे देताना कुठेतरी हात आखडता घेतलेला असणारच. तो कुठे घेतलेला असतो आणि आमच्यासारख्या कामात तो किती नडतो, हे ज्यांनी असे टॅब प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

खडीचा रस्ता

तुमचा संशय रास्त आहे. खोक्यावर ठळक छापलेल्या गोष्टींवर सहसा काटकसर होत नाही. ती होते स्क्रीनवर, जीपीएसच्या अँटेनावर, स्टोरेजच्या वेगावर आणि पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटवर. तरीही आधी त्या खोक्यावरच्या अक्षरांचा अर्थ नीट पाहू, कारण त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला जातो.

आयपी हा आकडा आयईसी 60529 या प्रमाणातून येतो. पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. धुळीच्या बाबतीत 6 म्हणजे धूळ आत अजिबात जात नाही, आणि ही खरोखर उपयोगाची गोष्ट आहे. पाण्याच्या बाबतीत 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. 8 म्हणजे त्याहून कठीण परिस्थिती, पण ती किती कठीण हे उत्पादकाने स्वतः सांगायचे असते, म्हणून नुसते 68 वाचून थांबू नये. खोली आणि वेळ माहितीपत्रकात शोधावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: पाण्यात बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेची चाचणीही पास झाली, असे होत नाही. धारेसाठी 5 आणि 6 हे अंक वेगळे असतात. काही टॅबवर 69 असेही लिहिलेले असते. ती चाचणी सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याची आहे आणि तुमच्या कामात तिची गरज पडणार नाही.

या सर्व चाचण्या नव्या कोऱ्या वस्तूवर, गोड्या पाण्यात आणि सगळी रबरी झाकणे घट्ट लावून होतात. माझा स्वतःचा एक टॅब या आकड्यावर विसंबूनच गेला. तो दुपारभर गाडीच्या बॉनेटवर उन्हात तापत पडला होता आणि चिखल निघावा म्हणून मी तो सरळ ओढ्याच्या थंड पाण्यात धरला. आतली गरम हवा एकदम थंड होऊन आकसली, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला आणि थोड्याशा थकलेल्या रबरातून पाणी आत ओढले गेले. संध्याकाळी कॅमेऱ्याच्या काचेआड बारीक दव दिसले आणि दुसऱ्या दिवशी टॅब सुरू झाला नाही. तेव्हापासून मी तापलेले यंत्र आधी सावलीत निवू देतो आणि मग ओल्या फडक्याने पुसतो.

मिल-एसटीडी-810 विषयी थोडे सविस्तर लिहितो. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचणीपद्धतींचे प्रमाण आहे. 810जी ही आवृत्ती 2008 ची आणि 810एच 2019 ची. त्यात उष्णता, थंडी, कंपन, वाळू-धूळ, आपटणे अशा कितीतरी वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे उत्पादक ठरवतो. असे प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी यंत्रणा त्यामागे नाही. पडण्याची जी चाचणी बहुतेक जण सांगतात, तिच्यात वस्तू 1.22 मीटर उंचीवरून 26 वेळा टाकतात: सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे. मात्र ही 26 वेळची आपट पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा प्रमाणातच आहे, आणि 810जी मध्ये खाली काँक्रीटवर ठेवलेले दोन इंची प्लायवूड असते. तुमच्या टॅबची गाठ टोकदार दगडाशी आहे. म्हणून माहितीपत्रकात कोणती पद्धत, किती उंची आणि खाली कोणता पृष्ठभाग, हे तिन्ही लिहिलेले असेल तर त्या दाव्याला वजन आहे. नुसते नाव छापलेले असेल तर मी त्याचे फारसे मोल करणार नाही.

आता स्क्रीन. माझ्या मते तुमच्या निर्णयात हिचे वजन सर्वांत जास्त असायला हवे, कारण पडण्याचा प्रसंग महिन्यातून एखादा येतो आणि ऊन रोज असते. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश पडतो. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. स्वस्त टॅबमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले यांच्यामध्ये हवेची फट असेल, तर असे एकाऐवजी तीन पृष्ठभाग होतात आणि अक्षरांवर आभाळच दिसू लागते. ही फट पारदर्शक डिंकाने भरून काढली की आतले दोन पृष्ठभाग जवळजवळ नाहीसे होतात. याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. औद्योगिक टॅबच्या किमतीत अशा गोष्टींचा मोठा वाटा असतो. साध्या टॅबची स्क्रीन तीनशे-चारशे निट्सच्या (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) आसपास असते. दिवसभर उन्हात वाचायचे तर आठशे ते हजार निट्स हवेत. शिवाय यंत्र तापले की ते स्वतःच उजेड कमी करते, म्हणून सकाळी दहाला दिसणारी स्क्रीन दुपारी दोनला दिसेलच असे नाही. दुकानातल्या दिव्याखाली यातले काहीच कळत नाही, तेव्हा एक नमुना मागून घ्या आणि तुमचाच फॉर्म भर दुपारी उन्हात उभे राहून भरून पाहा.

अक्षांश-रेखांश

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त ठिकाण नोंदवण्याविषयी लिहितो.

केवळ वाय-फाय असलेल्या पुष्कळ टॅबमध्ये जीपीएसची चिप मुळीच नसते, त्यामुळे ती आहे का, हे आधी पाहावे. चिप असली तरी मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरची अचूकता धरून चाला. दाट झाडीत आणि कड्याच्या पायथ्याशी ती आणखी घसरते, कारण उपग्रहाचा संदेश आजूबाजूला आपटून उशिरा पोहोचतो. उपग्रहाच्या एल1 या नेहमीच्या फ्रीक्वेन्सीबरोबर एल5 ही दुसरी फ्रीक्वेन्सी घेणाऱ्या चिपला असे आपटून आलेले संदेश ओळखणे सोपे जाते. स्वस्त टॅबच्या माहितीत एल5 चा उल्लेख असेल तर तो मोठा फायदा समजावा. रगेडपणा आणि अचूकता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मात्र मुद्दाम सांगतो; जाड रबर घातलेल्या यंत्राची अँटेनाही चांगलीच असणार, असे उगाच वाटत राहते.

अ‍ॅप सहा-सात दशांश स्थळे दाखवते म्हणून फसू नये. अक्षांशाचे पाचवे दशांश स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे 1.1 मीटर आणि सहावे म्हणजे सुमारे 11 सेंटीमीटर. तुमच्या यंत्राची चूक पाच मीटरची असेल तर त्यापुढच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. नोंदीबरोबर अ‍ॅपने दिलेला अचूकतेचा आकडाही साठवावा आणि तो ठरावीक मर्यादेत आल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये, अशी अट घालावी. ओडीके आणि कोबो यांसारख्या फॉर्म भरण्याच्या साधनांत ही सोय आहे.

विहिरी आणि झरे एकमेकांपासून लांब असतील तर पाच मीटरने काही बिघडत नाही. बांधाच्या हद्दी किंवा एकाला लागून एक असलेली झाडे नोंदवायची असतील तर स्वस्त किंवा महाग कोणताच टॅब पुरणार नाही. तिथे ब्लूटूथने जोडायचा वेगळा आरटीके रिसीव्हर (काही सेंटीमीटरपर्यंत अचूक ठिकाण देणारे यंत्र) लागतो आणि मग टॅबची स्वतःची चिप कशी आहे, हा प्रश्न बराचसा गौण होतो. पूर्ण पथकात असा एकच रिसीव्हर ठेवून गरजेच्या दिवशी वापरता येतो.

जाता जाता: नेटवर्क नसलेल्या भागात टॅब सकाळी पहिल्यांदा सुरू केला की उपग्रह सापडायला वेळ लागतो, कारण इंटरनेटवरून मिळणारी मदत तिथे नसते. कामाच्या जागी पोहोचल्यावर तो दोन-चार मिनिटे उघड्यावर स्थिर ठेवावा आणि मगच पहिली नोंद घ्यावी.

पाना-पेचकस

मी दुरुस्तीचे काम करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या रगेड टॅबमध्ये फुटलेल्या काचा त्या मानाने थोड्या असतात. जास्तीत जास्त येतात ते चार्जिंग पोर्टचे रोगी.

पोर्टवरचे रबरी झाकण एका अरुंद पट्टीने टॅबला जोडलेले असते. रोज दोनदा उघडून वाकवल्यावर ती पट्टी बुंध्याशी पांढरट पडते, मग तिला चीर जाते आणि एक दिवस झाकण हातात येते. त्या क्षणापासून खोक्यावरचा आयपीचा आकडा तुमच्या टॅबला लागू राहत नाही. पुढे पोर्टमध्ये बारीक माती बसते, केबल घालताना ती तळाशी दाबली जाते, तिचा टणक थर होतो आणि मग केबल पूर्ण आत जात नाही. तुमच्या त्या सैल झालेल्या पोर्टमध्येही मला आधी हेच शोधावेसे वाटले असते. लाकडी टोकदार काडीने, टॅब बंद ठेवून, हलक्या हाताने तो थर काढला की कित्येक पोर्ट पुन्हा धरू लागतात. घेताना असा टॅब पाहा ज्याच्या मागे किंवा कडेला धातूच्या ठिपक्यांचे वेगळे चार्जिंग आहे आणि त्याचा स्टँडही मिळतो. ते नसेल तर पोर्टमध्ये कायम बसवून ठेवायचा चुंबकी जोड वापरता येतो, मात्र तो बसवल्यावर झाकण लागत नाही आणि पाण्यापासूनचे संरक्षण जाते. कोरड्या भागात मी तो सुचवेन, पावसात नाही.

बॅटरीविषयी. 20,000 एमएएच ऐकायला छान वाटते. 3.85 व्होल्टने गुणले की ते सुमारे 77 वॉट-तास होतात. आजच्या लिथियम सेलचा हिशोब केला तर नुसत्या सेलचेच वजन तीनशे ग्रॅमच्या वर जाते आणि जाड चौकटीसह दहा इंची टॅब किलोच्या पुढे सरकतो. तो एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने चाळीस प्रश्न भरायचे आणि असे दिवसातून पंधरा वेळा करायचे, याचा विचार खरेदीच्या कागदावर कुणी करत नाही. 18 वॉटच्या चार्जरवर ही बॅटरी भरायला पाच तास किंवा अधिक लागतील. मुक्कामी वीज थोडाच वेळ असेल तर सहाही टॅब पूर्ण भरणार नाहीत. त्यापेक्षा मध्यम बॅटरी, पण हाताने काढून बदलता येणारी, हे मी केव्हाही पसंत करेन. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणून बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवून चार्ज करण्याची सवय पथकाने सोडावी. तुमची बॅटरी अशानेच फुगली, असे मी पाहिल्याशिवाय म्हणणार नाही, परंतु उष्णतेत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर खराब होते, हे नक्की.

एकदा उघडलेल्या टॅबच्या कडेची चिकटपट्टी नवीन घातली नाही, तर तो पुन्हा जलरोधक राहत नाही. त्यामुळे विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: याची काच, बॅटरी, पोर्ट आणि ती पट्टी दोन वर्षांनी मिळेल का? उत्तर गोलमोल आले तर तो टॅब पहिल्या मोठ्या बिघाडानंतर टाकून द्यावा लागेल, असे गृहीत धरून किंमत जोखावी.

ओला फॉर्म

माझे मत थोडे वेगळे आहे. तुमच्या गेल्या हंगामाचा खरा तोटा काच किंवा पोर्ट यांचा नव्हता. दोन दिवसांच्या नोंदी गेल्या, हा होता. तो तोटा कोणताही रगेड टॅब टाळू शकत नाही, कारण बॅटरी रगेड टॅबचीही फुगते आणि टॅब हरवतोही. नेटवर्क नसेल तर रोज संध्याकाळी सगळ्या नोंदी एका लॅपटॉपवर किंवा निदान शेजारच्या टॅबवर उतरवून घेणे, आणि ते झाल्याशिवाय दिवस संपला असे न मानणे, ही शिस्त तुमच्या सहकारीची ती पायपीट वाचवू शकली असती. मेमरी कार्डावरची प्रत पुरेशी नाही. टॅब पाण्यात गेला की कार्डही त्याच्याबरोबरच जाते.

म्हणून मी चांगल्या कव्हरातले साधे टॅब आणि सहामागे एक जादा टॅब, या बाजूचा आहे. जादा टॅबमध्ये नकाशे आणि फॉर्म आधीच भरून ठेवले तर बिघाडानंतर अर्ध्या तासात काम पुन्हा सुरू होते. साध्या टॅबला सिक्युरिटी अपडेटही सहसा जास्त काळ मिळतात. काही स्वस्त रगेड टॅब विकत घेतले त्या दिवशीच वर्षभर जुन्या पॅचवर, म्हणजे जुन्या सिक्युरिटी अपडेटवर असतात. सेटिंगमध्ये पॅचची तारीख दिसते, ती नमुना हातात येताच पाहावी. तुमच्या फॉर्ममध्ये लोकांची नावे आणि जमिनीची माहिती असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

पाऊस मात्र माझ्या बाजूने बोलत नाही, हे कबूल करतो. ओल्या स्क्रीनवर थेंबच बोट असल्यासारखे काम करतात, नको ती खूण होते आणि फॉर्म पुढे सरकतो. काही रगेड टॅबमध्ये ओल्या हातासाठी आणि हातमोज्यांसाठी वेगळा मोड असतो आणि तो उपयोगी पडतो. तुमचे काम भर पावसातही चालू राहणार असेल तर मी माझा सल्ला मागे घेईन.

मोजणीची वही

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोन नमुने आठ दिवसांसाठी मागवले: तो दहा इंची मोठ्या बॅटरीचा, आणि त्याच किमतीच्या पट्ट्यातला एक आठ इंची, ज्याची बॅटरी काढता येते आणि मागे चार्जिंगचे ठिपके आहेत.

दहा इंची टॅब बंधाऱ्याच्या भिंतीवर भर दुपारी उघडला तेव्हा प्रश्न वाचता आले, पण उत्तराच्या रकान्यातल्या फिकट करड्या सूचना अजिबात दिसल्या नाहीत, आणि वीस मिनिटांनी स्क्रीन आणखी मंदावली. तिसऱ्या विहिरीपाशी सहकारीने तो गुडघ्यावर टेकवून फॉर्म भरायला सुरुवात केली. मला तेवढे पुरे झाले. आठ इंचीचा उजेड थोडाच जास्त आहे, परंतु तो एका हातात मावतो आणि शरीराच्या सावलीत धरता येतो, त्यामुळे प्रत्यक्षात वाचायला सोपा गेला. आधी अचूक मोजलेल्या एका खांबापाशी दोन्हींनी वीस-वीस नोंदी घेतल्या. मोकळ्यावर दोघांत फरक जाणवला नाही, झाडीत मात्र दहा इंचीच्या नोंदी बऱ्याच पसरल्या. पॅचची तारीख आठ इंचीवर चार महिन्यांपूर्वीची होती आणि दहा इंचीवर दीड वर्षापूर्वीची.

आमचे काम पावसातही चालते, म्हणून पायी फिरणाऱ्या चौघांसाठी आठ इंची रगेड घेत आहोत. गाडीजवळ राहून काम करणाऱ्या दोघांकडे उरलेले साधे टॅब कव्हर घालून राहतील. वाचलेल्या रकमेत एक जादा रगेड टॅब आणि चार सुट्या बॅटऱ्या बसतात. संध्याकाळच्या प्रतीची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे. एकच शंका उरली: त्या फिकट सूचनांचे काय करावे?

खडीचा रस्ता

फॉर्ममध्ये सूचनेचा मजकूर रकान्यातून काढून प्रश्नाच्याच ओळीत ठेवा आणि अ‍ॅपमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा. उन्हात गडद थीम वापरू नये. पांढऱ्यावर काळे हेच सर्वांत नीट वाचता येते, कारण काळ्या पार्श्वभूमीवर स्क्रीन आरसा होते. सहकाऱ्यांपैकी कुणी पोलरॉइड चष्मा वापरत असेल तर टॅब आडवा आणि उभा, दोन्ही प्रकारे धरून पाहायला सांगा, कारण एका बाजूने धरल्यावर स्क्रीन पूर्ण काळी दिसू शकते. आणि सुट्या बॅटऱ्या हंगाम संपल्यावर पूर्ण भरून ठेवू नका. निम्म्या चार्जवर, थंड जागी ठेवा.

मोजणीची वही

पोलरॉइड चष्मा आमच्यात दोघांकडे आहे. आठ इंची टॅब उभा धरला की खरोखरच काळा दिसतो, आडवा धरला की दिसत नाही. फॉर्म आडव्या मांडणीत बसवून घेतो.